कधी ८१, कधी ६५: बेभरवशाचा गोल्फपटू टिकतो का?

जुलै २००२. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मुइरफील्डला ब्रिटिश ओपन चालू होती. टायगर वूड्स त्या वर्षीची मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून तिथे आला होता. गोल्फच्या चारही मोठ्या स्पर्धा, म्हणजे मेजर, एकाच वर्षात जिंकेल, अशी हवा होती. शनिवारी समुद्रावरून वादळी वारा आणि पाऊस आत घुसला आणि वूड्सला १८ होल, म्हणजे भोकं, पूर्ण करायला ८१ फटके लागले. रविवारी त्याच मैदानावर त्याच माणसाने ६५ फटक्यांत काम संपवलं. एका रात्रीत १६ फटक्यांचा फरक!

वूड्सला बेभरवशाचा म्हणायची कोणाची छाती होणार नाही. १९९८ ते २००५ या काळात त्याने सलग १४२ स्पर्धांत कट, म्हणजे स्पर्धेच्या मध्यावरची गाळणी, पार केला, आणि तो विक्रम आजही कोणाच्या आवाक्यात आलेला नाही. तरीही त्याच्याच स्कोअरकार्डवर ८१ आणि ६५ शेजारीशेजारी आहेत. म्हणजे 'सातत्य' या शब्दाने आपण जे समजतो ते गोल्फला जसंच्या तसं लागू पडत नाही.

हे लिहायचं निमित्त घरचंच. देवगडला माझ्या मावसभावाची कलमं आहेत. त्याचा मुलगा नोकरीनिमित्त नवी मुंबईत राहतो, तिथे खारघरच्या कोर्सवर गोल्फ शिकला, आणि आता सुट्टीत गावी आला की रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर स्पर्धा बघत बसतो. त्याने मला विचारलं, "काका, एका आठवड्यात जग जिंकल्यासारखा खेळणारा माणूस पुढचे तीन आठवडे शुक्रवारीच घरी जातो. असा माणूस टिकतो का हो?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी थोडं खोलात जावं लागतं. गोल्फ न बघणाऱ्यांनीही वाचावं म्हणून आधी थोडी ओळख.

व्यावसायिक स्पर्धा सहसा गुरुवार ते रविवार अशी चार दिवस चालते. रोज १८ होल, म्हणजे एक फेरी. चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत फेरी संपवावी, तो आकडा म्हणजे पार, बहुधा ७० ते ७२. दीडशेच्या आसपास खेळाडू सुरुवात करतात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, बहुतेक स्पर्धांत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी बॅगा भरतात. चारही दिवसांचे मिळून ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दर्जाच्या खेळाडूच्याही फेऱ्या त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या आजूबाजूला साधारण पावणेतीन फटक्यांनी हलत असतात. दहातल्या सातेक फेऱ्या या पट्ट्यात पडतात, उरलेल्या त्याच्याही बाहेर. आणि जगातला अव्वल खेळाडू टूरवरच्या सर्वसाधारण खेळाडूपेक्षा किती सरस असतो? फेरीमागे दोन-अडीच फटके. म्हणजे एकाच माणसाच्या चांगल्या आणि वाईट दिवसातलं अंतर हे राजा आणि प्यादं यांच्यातल्या अंतराहून मोठं आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की गोल्फ बघण्याची नजरच बदलते.

एवढी हालचाल येते कुठून? आठ फुटांवरचा पट घेऊ. पट म्हणजे ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू गडगडत भोकाकडे ढकलणं. टीव्हीवर बघताना वाटतं, एवढंसं अंतर, यांना काय कठीण! प्रत्यक्षात आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडू साधारण निम्मेच पट आत घालतात. भोक सव्वाचार इंच रुंद, ग्रीनला न दिसणारा उतार, त्यावर आधीच्या खेळाडूंच्या बुटांचे ठसे. समजा एका फेरीत असे सहा पट वाट्याला आले. निम्मे जाणार या हिशेबाने तीन जायला हवेत. पण गणित मांडून पाहिलं तर साधारण नऊ फेऱ्यांत एकदा पाच किंवा सहाही जातील, आणि तितक्याच वेळा एक जाईल किंवा एकही जाणार नाही. हात तेच, डोळे तेच, कौशल्य तेच, आणि फरक चार फटक्यांचा. चार फटके म्हणजे आघाडीवर असणं आणि कट चुकणं यांतलं अंतर.

वाऱ्याचं तर आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा, आणि मधला एखादा तास सगळं स्तब्ध. ब्रिटिश ओपन नेहमी समुद्राकाठच्या मैदानांवर होते. तिथे झाडं जवळजवळ नसतात, वाळूचे उंचवटे आणि राठ गवत, वाऱ्याला अडवणारं काही नाही. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाला एक सकाळची आणि एक दुपारची वेळ मिळते. गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी वारा पडलेला असला तर अर्ध्या खेळाडूंना तो दोन्ही वेळा मिळतो, उरलेल्या अर्ध्यांना एकदाही नाही. मुइरफील्डच्या त्या शनिवारी वादळ दुपारी आलं. ज्यांची फेरी आधी आटोपली होती ते क्लबहाउसात बसून बघत होते.

म्हणून एखाद्याने पहिल्या दिवशी ६३ मारले आणि दुसऱ्या दिवशी ७० लागले की "दडपण आलं" असं लगेच म्हणू नये. कधी दडपण असतंही. पण बहुतेक वेळा तो फक्त आपल्या सरासरीकडे परत आलेला असतो. ६३ मध्येच नशिबाचा मोठा वाटा होता. उलटंही तितकंच खरं. चार स्पर्धांत कट चुकलेला खेळाडू प्रशिक्षक बदलतो, पाचव्या आठवड्यात बरा खेळतो, आणि सगळं श्रेय नव्या प्रशिक्षकाला जातं. जुन्याबरोबर राहिला असता तरी तो कदाचित तितकाच वर आला असता. मला यात जुन्या प्रशिक्षकांवर फार अन्याय होतो असं वाटतं.

आता पैशाची बाजू, कारण टिकणं म्हणजे शेवटी पोट भरत राहणं. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण बक्षिसाच्या १८ टक्के मिळतात, दुसऱ्याला १०.९ टक्के. तिसाव्याच्या हाती पाऊण टक्क्याहूनही कमी येतो. हिशेब करून बघा: रकमा सारख्या असल्या तर दोन डझन आठवडे इमानाने तिसावा येणारा खेळाडू जेवढं कमावतो, त्याहून जास्त एक विजय देऊन जातो. शिवाय विजयाबरोबर दोन वर्षांची हमी मिळते की टूरवर जागा पक्की, आणि मेजर स्पर्धा जिंकली तर पाच वर्षांची.

दोन खेळाडू कल्पा. दोघांची सरासरी सारखीच. एक नेहमी ६९ ते ७२ मध्ये, दुसरा कधी ६५, कधी ७६. स्पर्धा जिंकायला चारही दिवस साधारण ६७-६८ च्या घरात राहावं लागतं. पहिला तिथे जवळजवळ कधीच पोचत नाही. दुसरा अनेकदा कट चुकेल, पण वर्षातून एखाद्या आठवड्यात त्याच्या चारही चांगल्या फेऱ्या एका रांगेत येतील. सरासरी तीच असताना या खेळात बेभरवशाचा माणूस अधिक कमावतो. बहुतेक नोकरीधंद्यांत असं होत नाही, म्हणूनच आपलं मन हे मान्य करायला तयार होत नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगत असताना मावसभाऊ ओटीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "ह्यां तर आमच्या हापुसासारख्यांच झालां मरे!" आणि त्याने नेमकं बोट ठेवलं. हापूस वर्षाआड धरतो. एका हंगामात झाड भरून आलं की त्याचा साठा खर्ची पडतो, नवी पालवी वेळेत जून होत नाही, आणि पुढच्या वर्षी मोहोर तुटपुंजा. नीलम दरवर्षी धरतो. म्हणून तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' आणला, जो नियमित फळतो. पण देवगड-रत्नागिरीत कोणी हापूस तोडून टाकला नाही, कारण भरल्या वर्षाचा भाव रित्या वर्षाची भरपाई करतो. मात्र भावाने पुढे जे सांगितलं ते जास्त कामाचं होतं: मोहोर न येणं वेगळं आणि खोडाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागणं वेगळं. पहिल्यात झाड पुढच्या वर्षी परत येतं. दुसऱ्यात ते वरून हिरवं दिसत राहतं आणि आतून संपत जातं.

गोल्फपटूचंही खोड आणि मोहोर वेगळे ओळखता येतात, आणि ते ओळखायचं साधन गेल्या काही वर्षांत हाती आलं आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याचं मोल काढायची एक पद्धत रूढ केली. तिला 'स्ट्रोक्स गेन्ड' म्हणतात, आणि पीजीए टूरने २०११ पासून ती वापरायला घेतली. आठ फुटांवरून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातलात तर अर्धा कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असंच प्रत्येक अंतरासाठी, प्रत्येक जागेसाठी: गवतातून, वाळूतून, टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा). फेरीअखेर बेरीज केली की कळतं, माणूस नेमका कुठे कमावतो आणि कुठे घालवतो.

ब्रॉडींच्या हिशेबातून निघालेला निष्कर्ष जुन्याजाणत्यांना पटेना. 'ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) दिखाव्याचा, पट पैशाचा' अशी गोल्फमधली जुनी समजूत. पण अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे सरस असतात, त्यात पटिंगचा वाटा जेमतेम १५ टक्के निघाला. ग्रीनच्या आसपासच्या छोट्या फटक्यांचा १७, टीवरून मारलेल्या ड्राइव्हचा २८, आणि लांबून ग्रीनवर चेंडू आणण्याच्या फटक्यांचा तब्बल ४० टक्के. म्हणजे लांब फटके हे खोड. पटिंग आठवड्यागणिक येतं-जातं. जिंकायच्या आठवड्यात ते फुलून आलेलं असतं, पण त्याच्यावर वर्षांचा हिशेब मांडता येत नाही.

मग कोण टिकेल याचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या चढउताराचं मूळ पटिंगमध्ये आहे आणि लांबचा खेळ शाबूत आहे, त्याची चिंता करू नये. ज्याचा ड्राइव्ह बिघडला, त्याची करावी. ड्राइव्ह बिघडला की चेंडू झाडीत, पाण्यात, हद्दीबाहेर जातो, तिथे अर्धा नाही तर एकदम दोन फटके जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या टीवर उभं राहताना मनात तीच भीती असते.

डेव्हिड ड्युव्हालचं उदाहरण मला फार लागतं. १९९९ च्या जानेवारीत त्याने एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत ५९ फटके घेऊन ती जिंकली. त्याच वर्षी वूड्सला मागे टाकून तो जगात पहिला झाला. २००१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला. वय तिशीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर पीजीए टूरवर तो एकही स्पर्धा जिंकला नाही. पाठ, मनगट, खांदा, एकामागून एक दुखणी आली, आणि त्यांना सांभाळता सांभाळता मूळ स्विंगच, म्हणजे फटका मारायची ढबच, हरवला. मध्येच २००९ च्या यूएस ओपनमध्ये, क्रमवारीत ८८२ वा असताना, तो संयुक्त दुसरा आला! हिरवं पान होतं ते. लोकांना वाटलं परतला, पण खोड सावरलं नव्हतं.

जॉर्डन स्पीथची गोष्ट अशीच सुरू झाली, पण इतकी खाली गेली नाही. २०१७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी तेराव्या होलवर त्याचा ड्राइव्ह इतका उजवीकडे गेला की पुढचा फटका त्याला सरावाच्या मैदानावरून मारावा लागला. तिथे बोगी, म्हणजे त्या होलच्या पारहून एक फटका जास्त, आणि पुढच्या चार होलवर बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी (बर्डी म्हणजे पारहून एक कमी, ईगल म्हणजे दोन कमी). स्पर्धा जिंकली. मग जवळजवळ पावणेचार वर्षं एकही विजय नाही. जगात पहिला असलेला हा मुलगा २०२१ च्या सुरुवातीला ९२ व्या क्रमांकावर होता. त्याच एप्रिलमध्ये टेक्सासला तो परत जिंकला. लहान फटक्यांतली त्याची हातोटी या काळात पूर्णपणे कधी गेली नाही. तिने त्याला बुडू दिलं नाही, पण ड्राइव्ह सुधारल्याशिवाय ती त्याला जिंकवूही शकली नाही.

रोरी मॅकिलरॉयकडे बघताना मात्र लोकांनी शब्द चुकीचा वापरला असं मला वाटतं. २०११ च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी त्याने ८० मारले. दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. २०१४ पर्यंत चार मेजर, आणि मग दहा वर्षांहून जास्त एकही नाही. 'प्रतिभा आहे, सातत्य नाही' हे वाक्य त्याच्याबद्दल किती वेळा वाचलं असेल! पण या मधल्या काळात तो टूरच्या वर्षभराच्या मालिकेचा फेडेक्स कप तीनदा जिंकला: २०१६, २०१९, २०२२. ड्राइव्हमध्ये तो जगातल्या सर्वोत्तमांपैकी होता. खोडाला काही झालंच नव्हतं. वर्षातले चार आठवडे जुळून येत नव्हते, एवढंच. एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्समध्ये जुळून आले आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू झाला.

आणि फिल मिकलसन. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उत्तर तोच. २००६ च्या यूएस ओपनमध्ये शेवटचा होल पारमध्ये संपवला असता तर जिंकला असता. ड्राइव्ह खूपच डावीकडे गेला, पुढचा धाडसी फटका झाडाला लागला, डबल बोगी झाली आणि एका फटक्याने स्पर्धा गेली. यूएस ओपनमध्ये तो सहा वेळा दुसरा आला, जिंकला एकदाही नाही. जगात पहिला तो कधीच नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस म्हणजे मूर्तिमंत बेभरवसा. पण १९९३ ते २०१९, सलग, तो जगातल्या पहिल्या ५० मध्ये होता. ४५ टूर विजय, सहा मेजर. २०२१ मध्ये क्रमवारीत शंभराच्या बाहेर गेलेला असताना, कियावा आयलंडच्या समुद्राकाठच्या, वाऱ्याच्या मैदानावर त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. त्याची जोखीम डोळ्यांत भरायची, म्हणून अपयश लक्षात राहिलं. तिच्याखालचा खेळ पंचवीस वर्षं भक्कम होता.

इथे पुतण्याने मला अडवलं. "काका, हे सगळे आधीच पैसेवाले झालेले. आपल्याकडच्यांचं काय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि आकडेवारी समजावताना हीच बाजू नेहमी सुटते. चढउतार सोसायला गाठीशी काहीतरी लागतं. अर्जुन अटवाल २०१० च्या उन्हाळ्यात खांद्याच्या दुखण्यानंतर पीजीए टूरवरची आपली जागा गमावून बसला होता. ऑगस्टमध्ये विंडम चॅम्पियनशिपला तो सोमवारची पात्रता फेरी खेळून आत आला, पहिल्याच दिवशी ६१ मारले आणि स्पर्धा जिंकून टूरवर जिंकणारा पहिला भारतीय झाला. सोमवारच्या त्या पात्रता फेरीत एखाद-दुसरा पट काठावरून फिरला असता तर? पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला, मग त्याची बरीच वर्षं चाचपडण्यात गेली. २०२२ मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला. दोन कोटी डॉलर बक्षिसातले २१ लाख ८० हजार डॉलर एका आठवड्यात. असा एक आठवडा कितीतरी कोरडे महिने भरून काढतो.

भारतातल्या टूरवर बक्षिसाची रक्कम याच्या तुलनेत फारच लहान, आणि प्रवास, राहणं, कॅडी (मैदानात बॅग वाहणारा मदतनीस), प्रशिक्षक हा खर्च खेळाडूच्या खिशातून. कट चुकला की आठवडा पूर्ण तोट्यात. खारघरच्या कोर्सवर कॅडीचं काम करता करता खेळ शिकलेला एखादा मुलगा आणि घरचा भक्कम आधार असलेला मुलगा, दोघांची सरासरी आणि दोघांचा चढउतार अगदी सारखा असला, तरी सहा कोरड्या स्पर्धांनंतर पहिल्याची गाडी थांबते आणि दुसरा सातवी जिंकायला मैदानात असतो. मग आपण म्हणतो, दुसऱ्यात जिद्द होती. एस. एस. पी. चौरासियासारखा, कोलकात्याच्या क्लबमधल्या माळ्याचा मुलगा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकतो तेव्हा म्हणूनच मला त्याचं मोल दुप्पट वाटतं.

अमेरिकेच्या टूरने ही गोष्ट २०२२ मध्ये मान्य केली. पूर्ण सदस्यांना वर्षाला किमान पाच लाख डॉलर मिळतील अशी हमी दिली, आणि जे पूर्ण सदस्य नाहीत त्यांना चुकलेल्या प्रत्येक कटमागे पाच हजार डॉलर खर्चापोटी द्यायचं ठरवलं. आपल्याकडे याच्या शंभराव्या हिश्श्याची सोय झाली तरी पुरे. कट चुकल्याच्या आठवड्यात परतीचं रेल्वेचं तिकीट, कॅडीची मजुरी आणि दोन वेळचं जेवण एवढं सुटलं, तर मधल्या फळीतली बरीच मुलं आणखी दोन-तीन वर्षं खेळत राहतील. तेवढ्या फेऱ्या झाल्या की त्यांची खरी सरासरी दिसते. वीस-पंचवीस फेऱ्यांत ती दिसतच नाही, आणि आज त्यातले बरेच जण नेमके तेवढ्यावरच घरी परततात.